गरिबाच्या हाताला लाकूड का?

लाकूड, चामडे, वेत, बांबू आणि रबर वापरून कमी खर्चाचा कृत्रिम हात तयार करावा, असा विषय निघाला की एक आक्षेप हमखास पुढे येतो. जग बायोनिक हातापर्यंत पोचले, स्नायूंच्या विजेवर बोटे उघडमीट करू लागली, आणि बीडच्या ऊसतोड मजुराला अजून लाकडाचाच हात द्यायचा? श्रीमंताला कार्बन फायबर आणि गरिबाला लाकडाचा ठोकळा, हा कुठला न्याय? असे म्हणणारे बहुतेक जण भल्या मनाचे असतात. गरिबाच्या पदरी दुय्यम वस्तू पडू नये, हा त्यांचा आग्रह रास्तच आहे. पण त्या आग्रहातून ते जो निष्कर्ष काढतात तो चुकीचा आहे, आणि त्याची किंमत बीडसारख्या जिल्ह्यात हात गमावलेली माणसे मोजत आहेत. म्हणून या आक्षेपाचा मुद्द्याला मुद्दा धरून प्रतिवाद व्हायला हवा.

आधी हात जातो कसा, ते पाहू. कडबाकुट्टीच्या तोंडाशी ज्वारीच्या कडब्याची किंवा उसाच्या वाढ्यांची पेंढी धरायची आणि आत सरकवायची. दातेरी रूळ पेंढी ओढून घेतात आणि पलीकडे फिरणाऱ्या चाकावरची पाती तिचे तुकडे करतात. पेंढी मध्येच अडकली म्हणून हाताने ढकलली, ओल्या वाढ्यात बांगडी किंवा सदऱ्याची बाही गुंतली, की डोळ्याचे पाते लवायच्या आत पंजा रुळांमध्ये जातो. मळणी यंत्राच्या तोंडाशी हेच घडते. गुऱ्हाळाच्या चरकात आणि रसवंतीच्या रुळांत हेच घडते. विजेच्या उच्चदाबाच्या तारेचा धक्का बसला तर हात कोपराच्याही वरून काढावा लागू शकतो. हे अपघात कामाच्या वयातल्या माणसांचे आहेत, आणि त्यांचे काम हातांचेच आहे.

ऊसतोडीत तर हाताचा हिशेब आणखी कडक. दसरा-दिवाळीनंतर पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज या भागांतून जोडपी पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. एकटा माणूस म्हणजे ‘अर्धा कोयता’. एकाने ऊस तोडायचा, दुसऱ्याने वाढे छाटून मोळी बांधायची, मग दोघांनी मिळून गाडी भरायची. दोघांपैकी एकाचा एक पंजा गेला तरी तो पूर्ण कोयता मोडतो. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल मात्र फिटलेली नसते. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात एक हात गमावणे म्हणजे कमाईच्या क्षमतेचे ६० टक्के नुकसान, असे माप ठरले. उसाच्या फडात उरलेल्या ४० टक्क्यांना गिऱ्हाईक नसते.

अशा माणसाला हात द्यायचा तर पहिला प्रश्न असा की, त्या हाताने काय काय करायचे आहे. उसाचे कांडे धरायचे, कारण कोयता चालवणारा दुसरा हात शाबूत आहे. मोळीचा आळा ओढताना एक टोक पकडून ठेवायचे. खुरप्याशेजारची पात बाजूला सारायची. म्हशीचा कासरा धरायचा, बादली उचलायची, मोटारसायकलचे हँडल पकडायचे. घरात विळीवर बसून कांदा चिरायचा तर तो दोन्ही हातांनी धरून पात्यावर दाबावा लागतो. भाकरी थापायची तर परातीत पीठ फिरवायला दुसरा तळवा लागतो. या यादीतल्या जवळजवळ प्रत्येक कामात कृत्रिम हाताची भूमिका धरणाऱ्या, दाबणाऱ्या, आधार देणाऱ्या हाताची आहे. कौशल्याचे काम शाबूत हात करतो. उजवा हात गेलेली माणसेही काही महिन्यांत डाव्याने लिहायला, जेवायला, कोयता चालवायला शिकतात. त्यांना हवी असते घट्ट, टिकाऊ, धुळीत आणि चिखलात न रुसणारी पकड.

आता पहिला आक्षेप: लाकूड आणि चामडे म्हणजे मागासलेपण.

इतिहास याच्या नेमका उलट आहे. पहिल्या महायुद्धानंतर युरोपात आणि अमेरिकेत हजारो सैनिकांना जे हातपाय बसवले गेले, ते प्रामुख्याने विलो लाकडाचे आणि चामड्याचे होते. विलो हलके, चिवट आणि सहज कोरता येणारे. क्रिकेटची बॅटही विलोचीच असते आणि तिला कुणी मागासलेली म्हणत नाही. अमेरिकेत डी. डब्ल्यू. डॉरन्स या माणसाचा करवतीच्या कारखान्यात हात गेला. त्याने स्वतःसाठी दुभंगलेला आकडा घडवला आणि १९१२ मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्या आकड्याचे वंशज आजही जगभर वापरात आहेत, शंभर वर्षांनंतर, विजेवर चालणाऱ्या पंजांच्या शेजारी. जर्मनीत त्याच काळात केलर नावाच्या, हात गमावलेल्या शेतकऱ्याने पंजासारख्या नख्या चामडी पट्ट्याने हाताला बांधल्या आणि शेतीची कामे केली. जे हात खरोखर कामाला आले ते कामाकडे पाहून घडले होते, आणि त्यांपैकी बरेच हात गमावलेल्यांनी स्वतःच घडवले होते.

आपल्याकडे याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे जयपूर फूट. १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी या अस्थिशल्यचिकित्सकाने हे पाऊल घडवले. रामचंद्र शर्मांचे औपचारिक शिक्षण जेमतेम प्राथमिक शाळेचे. रस्त्याकडेच्या दुकानात टायरवर रबर चढवताना पाहून व्हल्कनाइज केलेल्या रबराची कल्पना त्यांना सुचली, असे सांगितले जाते. लाकूड आणि रबर यांच्या त्या पावलाने जे साधले, ते आयात केलेल्या पावलांनी साधले नव्हते. विदेशी पावलाला बूट लागत असे. त्यावर उकिडवे बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, चिखलातून अनवाणी चालता येत नसे. जयपूर फूट घालून माणूस शेतात उतरला आणि पंगतीलाही बसला. डॉ. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९७५ मध्ये डी. आर. मेहता यांनी स्थापन केलेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने ते पाऊल लाखो लोकांपर्यंत आणि परदेशांतही नेले.

जयपूरमध्ये पायाला ‘काय काय करायचे आहे’ असा जो प्रश्न विचारला गेला, तोच प्रश्न हाताला तितक्याच नेटाने विचारला गेला नाही. हे शोधाचे अपुरे राहिलेले काम आहे आणि ते पूर्ण करण्याची जागा बीडसारख्या जिल्ह्यात आहे.

सामान आणि हुन्नर दोन्ही इथे आहेत. जुन्या गॅझेटियरांमध्ये बीडची ओळख चामड्याच्या छागलांसाठी, म्हणजे पाण्याच्या पिशव्यांसाठी, सांगितलेली आढळते. पाणी ठिबकू न देणारी चामड्याची शिवण ज्या गावाची ख्याती होती, त्या गावाला चामडे कसे वागते हे शिकवावे लागू नये. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले कातडे ही कोल्हापुरी चपलेची जुनी रीत. अशा वनस्पतीने कमावलेल्या कातड्याचे दोन गुण कृत्रिम हातासाठी मोलाचे आहेत. ते ओले करून साच्यावर ताणले की वाळल्यावर तोच आकार धरून राहते आणि क्रोमने कमावलेल्या कातड्याच्या मानाने कातडीला कमी त्रास देते. लाकडाचेही तसेच. बाभूळ औताला आणि बैलगाडीच्या चाकाला चालते, कारण ती चिवट आहे. हाताला मात्र जड पडेल. पांगारा हलका, सावंतवाडीची लाकडी खेळणी त्याच्यासारख्या लाकडातून पिढ्यान्‌पिढ्या घडली. कोणत्या जागी कोणते लाकूड, हे सुताराला पुस्तकाशिवाय कळते.

असा हात घडतो कसा, तेही जवळून पाहण्यासारखे आहे. कोपराखाली हात गेलेल्या माणसाच्या उरलेल्या भागाला, म्हणजे स्टंपला, प्लास्टर-बँडेज गुंडाळून साचा घ्यायचा. त्या साच्यात प्लास्टर ओतले की स्टंपची प्रतिकृती हाती येते. ती तशीच वापरायची नसते. जिथे हाड टोचते तिथे प्लास्टर थोडे वाढवायचे, जिथे मांसल भाग दाब सोसू शकतो तिथे घासून कमी करायचे. सगळे कौशल्य या काही मिलिमीटरच्या घासाघाशीत असते. मग ओले कातडे त्यावर ताणून शिवायचे, सावलीत वाळवायचे, बाहेरून लाखेने कडक करायचे, की स्टंप बसवायची खोळ, म्हणजे सॉकेट, तयार. पुढे पोकळ लाकडी बाहू, टोकाला पोलादी आकडा किंवा लाकडी तळवा. पाठीवरून दुसऱ्या खांद्याखाली जाणारा पट्टा, आणि पट्ट्यापासून आकड्यापर्यंत एक तार. ही तार म्हणजे सायकलच्या ब्रेकची केबल. खांदा पुढे झुकवला की तार ताणली जाते आणि आकडा उघडतो. खांदा सैल सोडला की रबरी कडी तो मिटवतात. एका रबराने टोकाशी साधारण अर्ध्या किलोची पकड मिळते. जास्त पकड हवी असेल तर आणखी रबर चढवायचे. ही तार तुटली तर पाटोद्याच्या बाजारातल्या सायकलच्या दुकानात मिळते.

मोटार नाही, बॅटरी नाही. ऊसतोडीच्या पाचटाच्या कोपीत सहा महिने राहणाऱ्या माणसाला हात चार्ज करायला लावणे म्हणजे त्याला हात न देणे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चामडे घाम पिते, वास मारते, कुजते. लाकूड फुगते, त्याला भुंगा लागतो. हे खरे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर चामड्याच्या सॉकेटची जागा प्लास्टिकने घेतली, त्यामागे स्वच्छता हे मोठे कारण होते. हा दोष झाकून कुणी लाकूड-चामड्याची भलामण करत असेल तर तो हात वापरणाऱ्यांचा घात करतो. पण बंद प्लास्टिकच्या सॉकेटमधून घामाला वाट नसते, हेही तितकेच खरे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, पारा चाळिशीपार गेलेला असताना, त्या सॉकेटमध्ये घाम साचतो, कातडी मऊ पडते, फोड येतात आणि माणूस हात काढून ठेवतो. उपाय दोन्ही टोकांच्या मध्ये आहे. आतला सुती मोजा रोज धुऊन बदलायचा. चामड्याचे अस्तर वेगळे करता येईल असे ठेवायचे आणि ठरावीक काळाने नवे बसवायचे. जिथे भार पेलायचा आहे तिथे पोलाद, प्लास्टिक किंवा नायलॉन वापरायचे. नैसर्गिक साहित्याचा हात म्हणजे शंभर टक्के नैसर्गिक हात, असा हट्ट कुणी धरू नये.

हाच मुद्दा दुसऱ्या बाजूच्या मंडळींनाही सांगायला हवा. ‘नैसर्गिक’ या विशेषणाच्या प्रेमात पडून, पर्यावरणपूरक म्हणून लाकडी हाताचा पुरस्कार करणारेही आहेत. त्यांचा युक्तिवादही टिकत नाही. थ्रीडी प्रिंटरवर वापरले जाणारे पीएलए हे प्लास्टिक मक्यापासून किंवा उसापासून तयार होते. म्हणजे तेही मुळात नैसर्गिकच. पण साठ अंशांच्या आसपास ते मऊ पडते. मे महिन्यात उन्हात उभ्या ट्रॅक्टरच्या पत्र्यावर ठेवलेला तसा पंजा वाकडा झाला तर त्याच्या नैसर्गिकपणाचे काय करायचे? साहित्य निसर्गातून आले की कारखान्यातून, याला महत्त्व नाही. ते घामात, धुळीत, उन्हात किती टिकते, त्याचे वजन किती, ते गावात मिळते का आणि गावात दुरुस्त होते का, हे चार निकष महत्त्वाचे. या निकषांवर चामडे आणि लाकूड अनेक ठिकाणी उतरते, म्हणूनच ते वापरायचे.

तिसरा आक्षेप बायोनिक हाताचा. पुण्यात सुरू झालेल्या प्रशांत गाडे यांच्या इनाली फाउंडेशनने विजेवर चालणारा हात परदेशी हातांच्या तुलनेत खूप स्वस्तात आणला. मुंबईत ‘ग्रिपी’ नावाचा स्पर्शाची जाणीव देणारा हात तयार झाला. रोटरी क्लबांनी एलएन-४ हा अमेरिकेत तयार झालेला प्लास्टिकचा हात महाराष्ट्रातही अनेकांना मोफत बसवला. हे सगळे काम आदराचे आहे. दोन्ही हात गेलेल्या माणसाला, खांद्यापासून हात गेलेल्या माणसाला, कचेरीत किंवा संगणकावर काम करणाऱ्याला विजेचा हात उपकारक ठरू शकतो. पण ‘थोडे थांबा, तंत्रज्ञान स्वस्त होते आहे’ हा सल्ला फडात उभ्या माणसाला देता येत नाही. शिवाय, महाग आणि अत्याधुनिक हात मिळाला की तो वापरला जातो, ही समजूतच खोटी आहे. टोरांटोतील एलेन बिडिस आणि टॉम चाऊ यांनी २५ वर्षांतल्या अभ्यासांचा आढावा घेऊन २००७ मध्ये जे मांडले, ते या वादात निर्णायक आहे. प्रौढांमध्ये तारेवर चालणारा हात टाकून देणाऱ्यांचे सरासरी प्रमाण २६ टक्के आढळले आणि विजेवर चालणारा टाकून देणाऱ्यांचे २३ टक्के. मुलांमध्ये हेच आकडे ४५ आणि ३५ टक्के. वीज आली म्हणून माणसाने हात जवळ केला, असे घडले नाही.

कारण सोपे आहे. माणसाच्या पंजाचे वजन साधारण ४०० ग्रॅम असते, पण ते हाडाला जोडलेले असते, म्हणून जाणवत नाही. तेवढेच वजन कातडीवर बांधून टांगले की खांदा दुखायला लागतो. मोटार आणि बॅटरी आली की वजन वाढते. पाणी वर्ज्य होते, धूळ वर्ज्य होते. बीडच्या शेतात पाणी आणि धूळ सोडून उरते काय? आणि मुलांचा विचार करा. सात वर्षांच्या मुलाचा कृत्रिम हात वर्षा-दीड वर्षात आखूड पडतो. तो दर वेळी नवा करायचा तर स्वस्त आणि गावाजवळ घडणारा हातच परवडतो.

चौथा आक्षेप दर्जाचा: सुतार-चांभाराने केलेल्या हाताला मापदंड कुठला, आणि उद्या इजा झाली तर जबाबदार कोण? हा आक्षेप मान्य करून त्याचे उत्तर द्यायचे आहे, टाळायचे नाही. शरीराबाहेर वापरायच्या कृत्रिम अवयवांसाठी आयएसओ २२५२३ हा आंतरराष्ट्रीय मापदंड आहे. वस्तू किती भार पेलते, ती सुरक्षित आहे का, हे त्यात तपासले जाते. चामड्याचा हात त्या कसोटीवर तपासायला कुणी अडवलेले नाही. आणि सॉकेटचे माप घेणे, ते बसवणे हे भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदलेल्या प्रॉस्थेटिस्टचेच, म्हणजे कृत्रिम अवयव बसवणाऱ्या तज्ज्ञाचेच, काम आहे. चुकीच्या सॉकेटने जखम होते, जखम चिघळली तर आणखी एक शस्त्रक्रिया होते. म्हणून कारागिराला प्रॉस्थेटिस्टच्या जागी बसवू नये. त्याला शेजारी बसवावे. जयपूरला नेमके हेच झाले होते. रामचंद्र शर्मांशिवाय डॉ. सेठींचे पाऊल झाले नसते आणि डॉ. सेठींशिवाय रामचंद्रांचे पाऊल रुग्णालयात पोचले नसते.

पाचवा आक्षेप सरकारी: हे सगळे सरकार मोफत देतेच की! केंद्राची सहाय्यक साधनांची योजना १९८१ पासून आहे. कानपूरची अलिम्को ही सरकारी कंपनी १९७२ मध्ये स्थापन झाली आणि ती हातही बनवते. पुण्याचे लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांपासून काम करते आहे. मुंबईत हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था १९५५ पासून उभी आहे. महाराष्ट्रात २०२२ पासून दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग आहे. संस्थांची कमतरता नाही. अडचण अंतराची आणि पुढच्या पाठपुराव्याची आहे. बीडहून पुणे सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे. सॉकेट बसवल्यावर पहिल्या काही महिन्यांत स्टंप बारीक होतो, सॉकेट सैल पडते, पुन्हा जुळवावे लागते. त्यासाठी दोन दिवसांची मजुरी बुडवून आणि भाडे भरून पुण्याला जाणारा मजूर विरळाच.

म्हणून शिबिरे भरतात. मंडप पडतो, मापे घेतली जातात, महिन्यांनंतर हात वाटले जातात, फोटो निघतात. बहुतेक वेळा तो हात दिसायला हातासारखा असतो, कामाला येत नाही. त्याचा पट्टा तुटला तर कुठे जायचे, हे सांगायला शिबिर तिथे उरलेले नसते. मग तो हात पेटीत पडतो आणि नोंदीत मात्र लाभार्थी एकाने वाढलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेने कृत्रिम अवयवांच्या सेवेबाबत २०१७ मध्ये जे मापदंड प्रसिद्ध केले, त्यांत सेवा हा शब्द महत्त्वाचा आहे. वस्तू देऊन काम संपत नाही. माप, जुळवणी, सराव, दुरुस्ती आणि बदल या साखळीला सेवा म्हणतात. ही साखळी गावाजवळ ठेवायची असेल तर गावाजवळ मिळणारे साहित्य आणि गावाजवळ राहणारे कारागीर लागतात. लाकूड-चामड्याचा आग्रह इथून येतो.

सहावा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो सर्वांत योग्यही आहे: आधी हात तुटणे थांबवा. १९८३ मध्ये संसदेने धोकादायक यंत्रे नियमन कायदा केला, तो मुख्यतः मळणी यंत्रांनी तुटणाऱ्या हातांमुळेच. दिल्लीच्या आयआयटीत दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर भारतातल्या खेड्यांत कडबाकुट्टीच्या अपघातांचा अभ्यास केला आणि साध्या, स्वस्त सुधारणा सुचवल्या: पात्यांवर आच्छादन, हात रुळांकडे जाण्याआधीच सावध करणारी रचना, वापर नसताना यंत्र मुलांना फिरवता येऊ नये अशी सोय. चाळीस वर्षांनंतरही आठवडी बाजारात आच्छादनाविना कुट्टी विकली जाते. ती विक्री थांबायला हवी, यात दुमत नाही. पण ज्यांचे हात गेले आहेत त्यांना प्रतिबंधाचे भाषण देऊन परत पाठवता येत नाही. दोन्ही कामे एकाच वेळी करायची आहेत, आणि कृत्रिम हाताच्या केंद्रात प्रत्येक अपघाताची नोंद झाली, कोणत्या यंत्राने, कसा, कुठे, तर प्रतिबंधाला लागणारी माहितीही तिथूनच मिळेल.

पैशाचा प्रश्न उरतो. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत एक अवयव गमावणाऱ्या शेतकऱ्याला एक लाख रुपये मिळतात. पण ती योजना सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या कुटुंबातल्या एका व्यक्तीसाठी आहे. भूमिहीन ऊसतोड मजूर तिच्या बाहेर राहतो. त्याच्यासाठी ज्या महामंडळाला मुंड्यांचेच नाव दिले आहे, त्याच्या निधीत कारखान्यांकडून गाळलेल्या उसाच्या टनामागे १० रुपये यायचे आहेत. ग्रामपंचायतींनी आणि जिल्हा परिषदेने स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे, असा राज्याचा नियम आहे. एका चामडी अस्तराच्या, एका केबलच्या, एका पट्ट्याच्या दुरुस्तीला या निधीतून पैसे कमी पडणार नाहीत. लाखांच्या बायोनिक हाताला ते कधीच पुरणार नाहीत.

तेव्हा मागणी स्पष्ट आहे. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कृत्रिम हातांची कार्यशाळा सुरू करावी. हे महाविद्यालय ग्रामीण भागासाठीच उभे राहिले आहे आणि हात तुटलेला माणूस पहिल्यांदा तिथल्याच अस्थिरोग विभागात येतो. कार्यशाळेत एक नोंदणीकृत प्रॉस्थेटिस्ट असावा, आणि त्याच्यासोबत जिल्ह्यातलेच चामड्याचे, लाकडाचे आणि लोखंडाचे काम जाणणारे कारागीर, नियमित पगारावर, सन्मानाने. मुंबईच्या पुनर्वसन संस्थेने त्यांना प्रशिक्षण द्यावे. प्रत्येक हात मापदंडावर तपासून द्यावा. आणि आराखडा ठरवायच्या बैठकीत हात गमावलेला ऊसतोड कामगार आणि विळीवर बसणारी बाई यांना पहिली खुर्ची मिळावी, कारण कोणत्या पकडीची गरज आहे हे त्या खोलीत त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नसते.

लाकडाच्या हाताला कमीपणा मानणाऱ्यांनी यापुढे टीका करण्याआधी एकदा बीड जिल्ह्यातल्या कोणत्याही तांड्यावर किंवा वस्तीवर जाऊन शिबिरात मिळालेले हात कुठे ठेवले आहेत ते विचारावे. आणि पालकमंत्री, जिल्हाधिकारी, महाविद्यालयाचे अधिष्ठाता व साखर कारखान्यांचे अध्यक्ष यांनी एकत्र बसून या कार्यशाळेचा निर्णय पुढच्या गळीत हंगामाची मोळी टाकण्याआधी घ्यावा. जागा आहे, कारागीर आहेत, कायदा आहे, निधीची शीर्षके आहेत. आता सही हवी आहे.